नऊ महिने उघड्या वस्तऱ्याने: ठाण्याच्या दमट हवेतला अनुभव

संक्रांतीच्या आसपास वस्तऱ्याने दाढी करायला सुरुवात केली, आता घट बसतील. आठवड्यातून तीनदा, त्यातली रविवारची निवांत आणि मधल्या दोन उरकलेल्या. ज्यांच्या डोक्यात हा किडा वळवळतोय त्यांच्यासाठी लिहितोय.

पैशांचा प्रश्न आधी निकालात काढतो. वाचत नाहीत. माझे आत्तापर्यंत ९,४०० रुपये गेले. दुधारी ब्लेड मला तीन रुपयांना पडायचं आणि आठवडाभर चालायचं, म्हणजे वर्षाचे १५६ रुपये. वसुलीला साठ वर्षं लागतील आणि मी आत्ताच त्रेचाळीसचा आहे. त्यातून मी राहतो ठाण्यात, जिथे वागळे इस्टेटच्या बाजूला सुपरमॅक्सचा ब्लेडचा कारखाना होता. ब्लेडच्या गावात राहून वस्तऱ्याचे डोहाळे.

वस्तरा म्हणजे सलूनमध्ये दिसतो तो नव्हे, हेही सांगायला हवं. तिथे ब्लेड मधोमध मोडून अर्धा तुकडा खाचेत सरकवतात आणि गिऱ्हाईक बदललं की ब्लेड बदलतात. मी बोलतोय तो अख्ख्या पोलादाचा, ज्याची धार गेली की ती आपणच काढायची.

पहिला वस्तरा ऑनलाइन घेतला, ८५० रुपयांना. लाकडी मूठ, मखमलीची डबी, पातं आरशासारखं. गालाला लावला आणि डोळ्यांत पाणी आलं. केस कापले जात नव्हते, उपटले जात होते. मला वाटलं धार कमी आहे, म्हणून दोन संध्याकाळी दगडावर घासला. मग एकाने युक्ती सांगितली: धारेच्या काठावर काळं मार्कर पेन फिरवायचं आणि दगडावर दोनदाच ओढायचं. बघतो तर टोकाकडचं काळं गेलं, टाचेकडचं गेलं, मधलं जसंच्या तसं. पातंच वाकडं होतं. त्याला ब्रह्मदेवही धार लावू शकला नसता. तेव्हा पहिला सल्ला असा की नवा स्वस्त वस्तरा घेऊ नका. जुना घ्या.

दुसरा चोर बाजारात मिळाला, मटन स्ट्रीटला, पितळी कंदील आणि बंद घड्याळांच्या ढिगात. मुठीच्या पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, पात्यावर काळे डाग, पण शेपटीवर, म्हणजे पात्यामागच्या दांडीवर, ‘झोलिंगन’ (पात्यांसाठी नावाजलेलं जर्मन गाव) आणि ‘वेस्ट जर्मनी’ स्पष्ट वाचता येत होतं. म्हणजे काही झालं तरी १९९०च्या आधीचा. तीन हजार सांगितले, दीडला दिला. अंगावरच्या काळ्या डागांना घाबरायचं नाही, ते राहिले तरी बिघडत नाही. बघायचा तो फक्त धारेचा काठ. तिथे गंजाने सुईच्या टोकाएवढा जरी खड्डा पाडला असेल तरी खाली ठेवून पुढे चालू लागायचं. माझा ५/८ इंच रुंदीचा आहे, दोन्ही बाजूंनी खोलगट कोरलेला. धारेजवळ पातं इतकं पातळ आहे की नखावर हलकेच टेकवून सरकवलं तर लवताना दिसतं.

आता धार. खरं सांगायचं तर छंद हाच आहे, दाढी ही त्याची तपासणी. वस्तऱ्याची पाठ मुद्दाम जाड ठेवलेली असते. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवायची, म्हणजे कोन आपोआप ठरतो, सुरीसारखा अंदाजाने धरावा लागत नाही. पाठ झिजू नये म्हणून तिच्यावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावतो. १००० ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक) दगडावर काठ बसवायचा, मग ३०००, मग ८०००, शेवटी १२०००. हे ऐकायला सोपं आहे. करताना कळतं की हात दाबला की सगळं बिघडतं, कारण दाबल्यावर ते पातळ पातं लवतं आणि कोन बदलतो. बोटांचं वजनही जास्त होतं. पहिले तीन आठवडे मी रोज रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर फडकं अंथरून घासत बसायचो, आणि सकाळी गालाची आग.

धार आली की नाही हे बघायला केसाची परीक्षा असते. लांब केस मुळाकडच्या बाजूने चिमटीत धरायचा आणि लोंबतं टोक धारेवर नुसतं टेकवायचं. तुटून पडलं तर जमलं, सरकलं तर परत ८०००वर. लांब केस माझ्याकडे कुठला? बायकोच्या फणीतले गोळा करतो. ती म्हणते, माझे केस गळतायत याचा आनंद होणारा जगात एकच माणूस आहे. एका रात्री, बाराच्या पुढे, केस ‘टिक्’ करून पडला. तो आवाज ऐकू आला असं मी शपथेवर सांगतो, कोणी मानत नाही.

दगड चार-पाच महिन्यांतून एकदा लागतो. रोजचं काम धार घोटायच्या पट्ट्याचं: एक बाजू कॅनव्हास, दुसरी चामडं. चपला शिवणाऱ्याकडून ११०० रुपयांत करून घेतला. आधी कॅनव्हासवर वीसेक फेऱ्या, मग चामड्यावर पन्नास, आणि प्रत्येक वेळी पाठ पुढे, धार मागे. उलट्या दिशेने वळवताना पाठीवर वळवायचं, धारेवर नाही. मी तिसऱ्याच दिवशी धारेवर वळवलं. चामड्याची दोन इंचांची साल निघाली, ती अजून लोंबतेय. सुरुवातीला पट्टा स्वस्तातला घ्या, तो कापला जाणार आहे.

हत्यार तयार झालं तरी हात तयार नव्हता. इथे ठाण्यातच, चरईत, मी वीस वर्षं ज्यांच्याकडे केस कापतो ते काका सत्तरीचे आहेत. एके दिवशी वस्तरा खिशातून काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, धार अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितली.

“धार लागलीय चांगली. कुणी लावली?”

“मीच.”

“मग गाल का असे झालेत?”

मी हवेत हात फिरवून दाखवला, मी दाढी कशी करतो ते. ते हसायला लागले. “डावा हात काय करतो तुमचा?”

“बेसिनवर असतो.”

“बेसिन पळून जातंय होय? अहो, निम्मं काम डाव्या हाताचं. कातडी ताणायची. ताणली की वस्तरा घसरतो, ढिली ठेवली की अडकतो.”

मग कानाजवळची कातडी वर कशी ओढायची, गळ्यासाठी मान तिरकी करून खाली कशी ओढायची, ओठावर नाक कसं उचलायचं, सगळं माझ्याच चेहऱ्यावर दाखवलं. बोटाला तुरटी चोळली की ओली कातडी निसटत नाही, हीसुद्धा त्यांचीच युक्ती. खुर्चीवर दुसरं गिऱ्हाईक अर्ध्या फेसात ताटकळत बसलं होतं. म्हटलं, काका, तुम्ही वस्तरा का सोडलात मग? म्हणाले, एड्सची भीती आली तेव्हा लोक वस्तरा बघून उठून जायला लागले, अर्धं ब्लेड आलं ते बरंच झालं, सकाळी चार-चार वस्तरे पट्ट्यावर मारून खांदा जायचा. आठवणीने गहिवरतील असं मला वाटलं होतं. त्यांना सुटल्याचाच आनंद होता.

त्या दिवसानंतर फरक पडला. पाठ गालापासून तिच्या जाडीच्या दीड-दोनपट वर, म्हणजे तीसेक अंश. त्याहून उताणा धरला की ओरबाडतो, उभा धरला की कापतो. वस्तरा कधीही आडवा सरकवायचा नाही, नुसता खाली ओढायचा. अंघोळीनंतरच बसायचं, फेस दाट आणि ओला हवा. केस ज्या दिशेला उगवतात त्याच दिशेने पहिला हात. माझ्या गळ्यावरचे केस डावीकडे आडवे उगवतात हे मला त्रेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. नीट कोनात असला की बारीक ‘खर्र’ असा आवाज येतो, खोलगट पातं पत्र्यासारखं गुणगुणतं. आवाज बंद झाला की समजायचं, कोन गेला. आरशापेक्षा कानाचा उपयोग जास्त होतो.

तक्रारी दोन. पहिली माझीच चूक: मार्चमध्ये धुताना पातं नळाला लागलं. आवाज एवढासा, टवका मिलिमीटरभर. पण तो जाईपर्यंत अख्खा काठ १०००वर मागे आणावा लागला, दोन रविवार गेले. तेव्हापासून बेसिनमध्ये टॉवेल अंथरतो. आणि हातातून सुटला तर पकडायला जायचं नाही, पाय मागे घ्यायचा. हे आधीच मनाशी दहा वेळा घोकून ठेवा, कारण ऐन वेळी हात आपोआप पुढे जातो.

दुसरी तक्रार हवेची, आणि ती कुठल्याच परदेशी व्हिडिओत सांगत नाहीत. जुलैत चार दिवस गावी गेलो. वस्तरा पुसून, मिटून बाथरूमच्या कपाटात ठेवला होता. परत येऊन उघडला तर पात्यावर नारिंगी ठिपके, त्यातले दोन थेट धारेवर. हे साधं कार्बनचं पोलाद. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, यात गंज अडवायला तसं काही नाही. आमच्याकडे पावसाळ्यात मीठ पाझरतं, चपलांना बुरशी येते, तिथे हा काय टिकणार. मुठीच्या पट्ट्यांमध्ये, खिळ्यापाशी पाणी साचतं ते वेगळंच. आता दाढी झाली की टिश्यूने पुसतो, कॅनव्हासवर दहा फेऱ्या कोरड्या, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दोन्ही बाजूंना. खोबरेल लावून पाहिलं होतं, त्याचा चिकट थर बसतो. वस्तऱ्याचा मुक्काम आता बाहेरच्या खोलीतल्या कपाटात, बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. दाढी न करताही आठवड्यातून एकदा उघडून बघतो. ऑगस्ट-सप्टेंबर निभावले.

वेळ? रविवारी पस्तीस मिनिटं, इतर दिवशी वीस. मी ऐरोलीला जातो, ठाण्याहून वाशी लाइनने पुढचंच मोठं स्टेशन, म्हणून परवडतं. फोर्टला जाणाऱ्याने रोजचा नाद करू नये. आणि दाढी चांगली होते का? चौथ्या महिन्यापर्यंत साध्या रेझरपेक्षा वाईट. आता गालांवर जास्त चांगली, संध्याकाळीसुद्धा हात गुळगुळीत फिरतो, आणि गळ्यावर पूर्वी येणाऱ्या पुटकुळ्या बंद झाल्या. कदाचित वस्तऱ्यापेक्षा घाई न करण्यामुळे असेल. जिलेटने १९०३ साली ब्लेड बदलायचे अवघे ५१ रेझर विकले आणि तरी पुढच्या काही वर्षांत जगाने वस्तरे का टाकले, हे मला पहिल्या पंधरवड्यातच पटलं होतं. तरी मी परत जाणार नाही.

घ्यायचाच तर दीड-दोन हजारांचा जुना वस्तरा, धार ओळखीतल्या जाणकाराकडून लावून घ्या, पट्टा स्वस्त. दगड सहा महिने घेऊ नका. माझा १२०००चा दगड १,८५० रुपयांचा आहे आणि ८०००नंतर त्याने काय फरक पडतो ते मला अजून छातीठोक सांगता येत नाही. तुरटीचा खडा मात्र पहिल्याच दिवशी आणा.

हनुवटीचा डावा कोपरा अजून जमत नाही. तिथे हाड वळतं, कातडी ताणली जात नाही आणि वस्तरा डाव्या हातात धरायची माझी छाती होत नाही. तेवढ्या रुपयाएवढ्या जागेसाठी जुना रेझर अजून बेसिनवर आहे.