हेपॅटायटिस बीची लस की एचआयव्ही, जीन्सची जास्त चालते कुठे?
माझी मावसबहीण नर्स आहे, हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झाले तरी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण, 10 च्या खालीच, म्हणजे लस लागू झालीच नाही, जाम वैतागली होती. मोठ्या माणसांत 5 ते 10 टक्क्यांचं असं होतं, वय, वजन, सिगारेट हे आहेच पण एचएलए जीन्सचाही हात असतो, लसीचा तुकडा इम्यून सेल्सना दाखवायचं काम त्यांचं, तो नीट धरलाच नाही तर अँटीबॉडी कुठून बनणार. तरी इथे मार्ग आहे, परत तीन डोस दिले की बऱ्याच जणांचं टायटर वर येतं, हिचंही आलं.

एचआयव्हीची लागण मुळातच न होणं यात मात्र जीनचा हात फार मोठा. एचआयव्ही पेशीत ज्या दारातून शिरतो ते बनवणाऱ्या सीसीआर5 जीनमधली डीएनएची 32 अक्षरं गायब असलेली कॉपी आईबाबा दोघांकडून आली तर पेशीचं दारच नाही, नेहमीचा व्हायरस शिरणार कसा? पण असे लोक उत्तर युरोपातही साधारण 1 टक्काच, आपल्याकडे तर जवळपास नाहीतच.