९० सेंटीमीटरची साधी स्पिअरगन: खवळत्या किनाऱ्यावर किती कामाची?

सपाट, स्वच्छ पाण्यात कुठलीही स्पिअरगन (श्वास रोखून बुडी मारणाऱ्याची, मासे मारायची भाल्याची बंदूक) चांगलीच वाटते. तिची खरी परीक्षा किनाऱ्यालगत होते. सकाळी सहा मीटरवरचं दिसत असतं, वारा फिरतो आणि दोन तासांत दोन मीटरपलीकडे नुसती गढूळ भिंत. त्यात खडकाजवळचं पाणी माणसाला दर लाटेला मीटरभर पुढे नेऊन मागे आणतं. त्या पाण्याच्या हिशेबाने इथे एका सर्वसाधारण बांधणीची तपासणी केली आहे: २८ मिलिमीटर व्यासाची अ‍ॅल्युमिनियमची नळी, तिच्यावर भाला बसायला टोकापर्यंत पन्हळ, १६ मिलिमीटरचं एकच रबर, ६.५ मिलिमीटर जाडीचा १३० सेंटीमीटरचा एका फ्लॉपरचा (टोकाजवळ उघडून मासा अडवणाऱ्या पात्याचा) भाला. अनेक कंपन्या जवळजवळ हीच गन वेगवेगळ्या रंगांत विकतात. निकाल आधीच सांगायचा तर गन घ्यावी, पण खोक्यातून काढली तशी पाण्यात नेऊ नये.

९०च का, हे आधी. हा आकडा ढोबळमानाने नळीच्या लांबीचा. मूठ, तोंड आणि पुढे डोकावणारा भाला धरला तर हातातली वस्तू त्याहून बरीच लांब होते. ७५ची गन कपारीत आणि गढूळ पाण्यात हलकी फिरते, पण पाणी जरा निवळलं की मासे तिच्या टप्प्याबाहेर राहतात. ११०च्या गनला १५० सेंटीमीटरचा भाला लागतो. स्वच्छ पाण्यात ती उत्तम, पण हेलकाव्यात ती आडवी वळवायला गेलं की पाणी तिला धरून ठेवतं आणि नेम लागेस्तोवर मासा निघून गेलेला असतो. ९० या दोन्हींच्या मधली. तिच्या भाल्याच्या टोकापासून अडीच-तीन मीटरपर्यंतचा मासा भरवशाने मिळतो. त्यापुढे भाला पोचतो, पण जोर संपलेला असतो. अंतराचा अंदाज बांधताना एक गोष्ट विसरायची नाही. मुखवट्याच्या काचेतून वस्तू पाव अंतराने जवळ दिसते, म्हणजे तीन मीटरवर वाटणारा मासा प्रत्यक्षात चार मीटरवर असतो. ‘नेम बरोबर होता, भाला कमी पडला’ ही तक्रार बहुधा गनची नसते, काचेची असते.

आता रबर. या गनचा सगळ्यात कमकुवत दुवा हाच, आणि सुदैवाने सगळ्यात स्वस्तात सुधारणारा. बऱ्याच गनांबरोबर येणारं तयार रबर नको तितकं आखूड असतं. दुकानात उभं राहून ओढलं की दमदार वाटतं, पण छातीएवढ्या पाण्यात लाट अंगावर येत असताना ते भाल्यावरच्या खाचेपर्यंत पोचत नाही. अर्धवट ओढून सुटलं तर विशबोन (रबराची दोन टोकं जोडून भाल्याच्या खाचेत अडकणारा दुवा) बोटांवर आदळतं. आणि जोर लावून भरलंच, तर असं अति ताणलेलं रबर भाल्याला झटका देतं, गनचं तोंड वर उडतं आणि भाला माशाच्या पाठीवरून जातो. हलक्या नळीच्या गनला जास्त ताकद म्हणजे जास्त अचूकपणा नव्हे.

योग्य लांबी काढायला मोजपट्टी पुरते. तोंडातल्या रबराच्या भोकापासून भाल्यावरच्या खाचेपर्यंतचं अंतर घ्या, समजा ८० सेंटीमीटर. त्यातून विशबोनची लांबी वजा करा, समजा ५. उरले ७५, दोन्ही बाजूंचे मिळून १५०. याला ३.३ ने भागलं की साधारण ४५ सेंटीमीटर येतात. ही रबराची न ताणलेली एकूण लांबी, त्यात गाठीखाली जाणारे दीडेक सेंटीमीटर दोन्ही टोकांना वेगळे धरायचे. शांत पाण्यासाठी ३.५ ने भागणारे आहेत, पण खवळलेल्या किनाऱ्यावर ३.२ ते ३.३ हाच शहाणपणा. विशबोन धातूचं असेल तर काढून टाका आणि दोन मिलिमीटर जाडीच्या डायनीमाचं (मजबूत कृत्रिम धाग्याच्या दोरीचं) बांधा. डायनीमा भाल्याच्या खाचेवर घासून फुलतो. नख फिरवलं की सुटे तंतू लागतात. तंतू लागले की त्याच दिवशी बदलायचं, पुढच्या फेरीपर्यंत थांबायचं नाही. रबराला भेगा पडतात त्या सहसा गाठीच्या तोंडाशीच, आणि त्या ताणल्याशिवाय दिसत नाहीत. ऊन आणि तेल हे रबराचे दोन वैरी. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवलेलं रबर गाडीच्या काचेमागे पडून राहिलेल्या रबरापेक्षा कितीतरी जास्त टिकतं.

भरताना मुठीचा मागचा भाग छातीच्या हाडावर टेकवायचा, तिथे जाड पॅड असलेला वेटसूट हवाच. दोन्ही हातांनी एकाच वेळी, सारखं ओढायचं. एक हात पुढे-मागे झाला की विशबोन खाचेत तिरकं बसतं आणि भाला बाजूला जातो. दोन लाटांच्या मधली उसंत साधून भरायचं. फेसाळ पाण्यात, खडकाला टेकून भरायचं नाही.

तोंड उघडं की बंद, हा वाद जुना आहे. उघड्या तोंडात भाला वरून मोकळा राहतो, त्यामुळे नजर पन्हळीवरून थेट टोकापर्यंत जाते आणि नेम सोपा होतो. पण हेलकाव्यात गन उलटीसुलटी झाली की भाला पन्हळीतून निसटतो. शूटिंग लाईनचा (भाला गनला जोडणाऱ्या दोरीचा) वेढा तोंडावरून नीट घेतला आणि दोरी ताठ असली तरच तो जागेवर राहतो. बंद तोंडात भाला कड्यातून ओवलेला असल्यामुळे ही भानगड नाही. या विशिष्ट कामासाठी बंद तोंडाला आमची पसंती, आणि नवशिक्याला तर तेच द्यावं. नजरेला थोडा अडथळा होतो, पण तीन मीटरच्या टप्प्यात त्याने फार बिघडत नाही.

शूटिंग लाईन हा दुसरा बदल. गनबरोबर येणारी पातळ विणलेली दोरी काढून १.६ मिलिमीटरचं तंगूस लावा. ते ताठ असतं, लाटेत गोळा होत नाही, गाठी पडत नाहीत. टोक लायटरने किंचित वितळवून बोंड करायचं, मग क्रिंप (दोरी पकडून ठेवणारी धातूची छोटी नळी) दाबायचा. क्रिंप मधोमध दाबायचा. अगदी कडेला दाबला तर त्याची धार तंगूसात रुतते आणि मोठ्या माशाच्या पहिल्याच झटक्याला तिथेच तुटतं. गनच्या टोकाशी दोरी थेट बांधायची नाही. मध्ये १०-१५ सेंटीमीटरचा शॉक कॉर्डचा (ताणल्या जाणाऱ्या लवचिक दोरीचा) तुकडा घातला की दोरी कायम ताठ राहते. ढिली दोरी हेलकाव्यात लाईन रिलीजच्या (वेढा अडकवून ठेवणाऱ्या, चापाबरोबर सुटणाऱ्या) आकड्यावरून सुटते, फिनमध्ये अडकते, आणि चाप ओढल्यावर भाला अर्ध्या वाटेत थबकतो. गढूळ दिवशी दोरीचा एकच वेढा पुरे. स्वच्छ दिवशी दोन. खडकावर घासून तंगूस पांढुरकं, खरबरीत झालं की तेवढा भाग कापून टाकायचा, म्हणून सुरुवातीला हातभर जास्त ठेवलेलं बरं.

६.५ मिलिमीटरचा भाला एका रबराला बरोबर जुळतो, वेगात जातो. किंमत मोजावी लागते ती खडकावर. कपारीतल्या हेकरू माशावर मारलेला भाला दगडाला लागला की टोक बोथट होतं आणि भाला वाकतो. काचेवर ठेवून लाटण्यासारखा फिरवला की बाक लगेच दिसतो. वाकलेल्या भाल्याने नेम सुधारत बसणं व्यर्थ. ज्यांची शिकार मुख्यतः कपारीतलीच आहे त्यांनी ७ मिलिमीटरचा घ्यावा, थोडा वेग गेला तरी चालेल. फ्लॉपरची परीक्षा सोपी आहे. भाला फिरवून फ्लॉपर खाली आला की तो आपल्या वजनाने उघडला पाहिजे. मिठाने धरलेला फ्लॉपर माशातून पार जातो आणि तसाच परत येतो. मासा जखमी होऊन निसटतो, आणि याहून वाईट शिकार नाही.

चापाची यंत्रणा चांगली आहे, पण वाळू तिला मानवत नाही. लाटांच्या पट्ट्यातून आत जाताना गन वाळूत टेकवली की कण आत शिरतात. पाण्यात उतरण्यापूर्वी रबर न लावता भाला आत ढकला, ‘टक्’ ऐका, मग मागून-पुढून जोराने ओढून बघा. निसटला तर ती गन त्या दिवशी भरायची नाही. सेफ्टीचं बटण आहे, त्यावर विसंबू नये. भरलेली गन पाण्याबाहेर येऊ नये, आणि हवेत चाप तर कधीच ओढू नये. बोटीत चढायच्या आधी रबर उतरवायचं.

रील की बोयाची दोरी? खोक्यातली गन दोन्हींशिवाय येते. होड्यांची ये-जा असेल तिथे झेंड्याचा बोया अटळ, २० ते २५ मीटर तरंगती दोरी पुरते. पण फुटणाऱ्या लाटांत हीच दोरी खडकाला वेढे घालते. तिथे गनवर ३०-५० मीटरची रील लावून बोया थोडा बाहेर नांगरून ठेवणं बरं. दोरी अंगाला किंवा पट्ट्याला बांधायची नाही, काहीही झालं तरी.

कुठल्या दिवशी गन घरीच ठेवायची हे लाटेच्या उंचीवरून ठरवणारे फसतात. उंचीइतकाच दोन लाटांमधला वेळ बघावा. खोल पाण्यात लाटेची लांबी मीटरमध्ये म्हणजे सेकंदांचा वर्ग गुणिले १.५६. पाच सेकंदांची लाट ३९ मीटर लांब, दहा सेकंदांची १५६. लाटेची हालचाल लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत जाणवते, म्हणजे पहिलीची साधारण २० मीटरपर्यंत, दुसरीची ७८. वरून मऊ दिसणारी दहा सेकंदांची मीटरभर लाट आठ मीटरवरच्या तळाशी माणसाला खडकावर नेऊन आपटते, तर वाऱ्याने उठलेली पाच सेकंदांची खळबळ तितक्याच खोलीवर बरीच सौम्य असते. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी गाळ घेऊन बाहेर येतं, तिथे भरतीचा शेवटचा टप्पा सहसा जास्त निवळ मिळतो. भांगाच्या (लहान भरती-ओहोटीच्या) दिवसांत ओढही कमी असते.

रोलर गन (तोंडाशी चाकांवरून रबर फिरणारी) याच लांबीत जास्त ताकद देते आणि झटका कमी, हे खरं. पण भरण्याची एक पायरी वाढते आणि चाकांत वाळू जाते. हवेच्या दाबाची गन आखूड असून दमदार, मात्र तिच्या सीलची निगा किनाऱ्यावर बसून करता येत नाही. ९०च्या साध्या गनचं रबर बोयापाशी पाच मिनिटांत बदलता येतं. तिची बाजू जिंकते ती इथे. म्हणून जास्तीचं बांधलेलं रबर आणि विशबोन बोयाला लटकवून न्यावं.

खरेदीबद्दल एक सूचना: दोघांनी दोन गना घेण्याऐवजी एकच घ्या. एक जण खाली, दुसरा वर रिकाम्या हाताने बोया धरून. वर आलेल्याकडे पुढचं अर्धं मिनिट बघत राहायचं, कारण शुद्ध हरपण्याचा धोका पृष्ठभागाजवळ आणि वर आल्यानंतरच सर्वाधिक असतो. मग गन हातातून हातात. खाली घालवलेल्या वेळाच्या निदान दुप्पट विश्रांती त्यातच होऊन जाते.