स्टॅक ओव्हरफ्लोवर ‘वर’ जायचंय? क्लासवाल्या बाईचा रिव्ह्यू

ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी काडीचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. स्टॅक ओव्हरफ्लो ही जेफ ॲटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ साली सुरू केलेली साइट. कोड अडला की तिथे प्रश्न टाकायचा, जगाच्या पाठीवरचं कुणीतरी उत्तर देतं. पैसे लागत नाहीत. वाचायला ती चांगली आहे हे सांगायला रिव्ह्यू कशाला हवा? मी लिहितेय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. तिथे खातं काढून पॉइंट कमावत वर चढता येतं का, आणि चढून हातात पडतं काय? कोल्हापुरात माझा डेटाबेस आणि पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा क्लास आहे. पोरांना रेझ्युमेवर टाकायला तिथले पॉइंट हवे असतात, त्यामुळे हा विषय माझ्या मानगुटीवर कायमच बसलेला.

पॉइंटांचा हिशेब सोपा आहे. खातं उघडलं की १. तुमच्या प्रश्नाला किंवा उत्तराला कुणी अपव्होट, म्हणजे पसंतीचं मत, दिला की १०. विचारणाऱ्याने तुमचंच उत्तर स्वीकारलं की १५. डाउनव्होट, म्हणजे नापसंतीचं मत, पडला तर २ जातात. व्होटांमधून दिवसाला २००च्या वर मिळत नाहीत, म्हणजे एखादं उत्तर तुफान चाललं म्हणून रात्रीत कुणी शेठ होत नाही. आणि दुसऱ्याच्या उत्तराला डाउनव्होट द्यायचा तर स्वतःच्या खिशातला १ पॉइंट जातो. हा नियम मला जाम आवडतो. नाक मुरडायचंय ना, मुरडा. पण पदरमोड करून.

इथवर कुठल्याही ॲपसारखंच. पुढे मात्र साइट वेगळी वागते. पॉइंट साठले की बक्षीस मिळत नाही, काम मिळतं. १५ झाले की दुसऱ्याला अपव्होट देता येतो. १२५ला डाउनव्होट. २,०००ला कुणाचंही लिखाण परस्पर सुधारता येतं. ३,०००ला प्रश्न बंद करण्याच्या बाजूने मत टाकता येतं, आणि तीन जणांची तशी मतं पडली की प्रश्न बंद, म्हणजे त्याला नवी उत्तरं देता येत नाहीत. १०,०००ला काढून टाकलेल्या पोस्टही दिसायला लागतात. एखाद्या विषयात भरपूर उत्तरं देऊन सोन्याचा बॅज मिळवला, तर त्या विषयातला प्रश्न ‘हा आधीच विचारून झालाय’ म्हणून एकट्याच्या मतावर बंद करता येतो. आमची पोरं हे ऐकून हिरमुसतात. त्यांना वाटतं, दहा हजार पॉइंट झाले की निदान टीशर्ट तरी मिळेल.

पहिली पायरी मात्र भलतीच उंच केलीय. दुसऱ्याच्या प्रश्नाखाली कॉमेंट करायला वर्षानुवर्षं ५० पॉइंटांची अट, आणि उत्तर लिहायला मात्र १ पुरतो. नवखं पोर काय करणार? त्याला फक्त ‘व्हर्जन कोणतं वापरताय?’ एवढंच विचारायचं असतं. कॉमेंटची खिडकी बंद, म्हणून ते उत्तराच्या चौकटीत लिहितं. ‘हे उत्तर नाही’ म्हणून तक्रार होते, दोन डाउनव्होट बसतात, पोस्ट गायब. पोर घरी जाऊन सांगतं, तिथली माणसं माजलेली आहेत. माणसं माजलेली नसतात असं मी म्हणणार नाही, काही असतातच. पण इथे चूक अटीची आहे. ज्याला अजून भाषा कळत नाही त्याला आधी भाषण करायला लावल्यासारखं झालं हे.

मग पोरं शॉर्टकट शोधतात. एका बॅचने ठरवलं, आपण एकमेकांच्या पोस्ट उघडायच्या आणि अपव्होट देत सुटायचं. तू मला, मी तुला. संध्याकाळी सगळे खूश, एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवतायत. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज, ‘‘मॅडम, रात्रीत पॉइंट चोरीला गेले!’’ चोरीला कुठले जातायत. एकच माणूस एकाच माणसाला धडाधड व्होट देताना दिसला की साइटची स्क्रिप्ट ते व्होट उलटवते. खात्याच्या नोंदीत तसं लिहूनही येतं. पॉइंट तर गेलेच, वर शेरा पडला. मला हसू आवरेना. साइटच्या बाजूने माझा एक स्टार तिथेच वाढला.

आता मॉडरेटरकीबद्दल, म्हणजे साइटची शिस्त आणि साफसफाई सांभाळण्याबद्दल. मॉडरेटरच्या नावापुढे छोटासा हिरा दिसतो. पोरांचा समज असा, की पॉइंट वाढवत नेले की शेवटी हिरा आपसूक येतो. साफ चूक. जॉन स्कीट हा गूगलमधला इंजिनिअर जानेवारी २०१८मध्ये १० लाख पॉइंट ओलांडणारा पहिला माणूस ठरला. त्याच्या नावापुढे हिरा नाही. उत्तरं देणं आणि घर झाडणं ही दोन वेगळी खाती आहेत, आणि साइटने ती मुद्दाम वेगळी ठेवलीत.

हिऱ्यासाठी निवडणूक होते. उभं राहायला पॉइंट लागतात अवघे ३,०००, पण सोबत चार बॅज हवेत. सिव्हिक ड्यूटी म्हणजे ३०० व्होट दिलेले. स्ट्रंक अँड व्हाइट म्हणजे ८० पोस्ट सुधारलेल्या. डेप्युटी म्हणजे केलेल्या तक्रारींपैकी ८० योग्य ठरलेल्या. कन्व्हेन्शन म्हणजे साइटच्या कारभारावर जिथे चर्चा चालते त्या मेटावर लोकांना पटेल असं काही लिहिलेलं. यातला एकही बॅज हुशार उत्तराबद्दल नाही, हे लक्षात घ्या.

सुधारणा म्हणजे काय, तर इचलकरंजीहून येणारी माझी एक विद्यार्थिनी काय करते ते सांगते. प्रश्नाचं शीर्षक, ‘अर्जंट हेल्प प्लीज’. आत सुरुवात ‘रिस्पेक्टेड सर’, मध्ये कोडचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, शेवटी ‘थँक्स इन ॲडव्हान्स’. तिने फोटोतला कोड टाइप करून चौकटीत बसवला. ‘सर’ आणि ‘थँक्स’ दोन्ही उडवलं, कारण तिथे रामराम-नमस्काराची पद्धतच नाही. शीर्षक केलं, ‘दोन टेबलं मर्ज केल्यावर ओळी दुप्पट का होतात?’ २,०००च्या आतल्या माणसाची सुधारणा थेट लागत नाही, इतर सदस्य तपासून मंजूर करतात. झाली मंजूर, २ पॉइंट. अर्ध्या तासाचं काम होतं ते. पण त्या प्रश्नाला मग उत्तर आलं, आणि पोरगी त्या दिवशी जॉइन्स, म्हणजे टेबलं जोडणं, कधी नव्हे इतकं नीट शिकली.

निवडणुकीत १५० पॉइंटवाल्या कुणालाही मत देता येतं आणि मत पसंतीक्रमाने टाकायचं असतं. पुणे पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मतदान केलंय त्यांना ही पद्धत नव्याने सांगायला नको. मला जास्त आवडतात ते उमेदवारांना विचारले जाणारे प्रश्न. त्यातला एक ठरलेला: उत्तम उत्तरं देणारा एक सदस्य आहे, पण कॉमेंटमध्ये सतत भांडतो, त्याचं काय कराल? दुसरा: दुसऱ्या मॉडरेटरने बंद केलेला प्रश्न तुम्हाला योग्य वाटतो, मग? ही उत्तरं सगळ्यांसमोर लिहावी लागतात. आपल्याकडे नगरसेवकाच्या उमेदवारांना असं कुणी लेखी विचारत नाही.

निवडून आलात की तुमच्या एकट्याच्या मताने प्रश्न बंद होतो, पोस्ट निघते, माणूसही काही काळ बाहेर बसतो. मुदत नाही, पगारही नाही. २०२१मध्ये प्रोसस कंपनीने ही साइट १८० कोटी डॉलरला घेतली, तरी मॉडरेटर बिनपगारीच राहिले. लष्करच्या भाकऱ्या भाजणं याला म्हणतात. आणि भाकऱ्या भाजणारे एकदा रुसलेही. डिसेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटीची उत्तरं इथे चालणार नाहीत असं ठरलं होतं. पुढे २०२३मध्ये, निव्वळ एआयच्या संशयावरून मॉडरेटरांनी उत्तरं काढू नयेत असं कंपनीने सांगितलं. जूनमध्ये बऱ्याच मॉडरेटरांनी काम थांबवलं आणि ऑगस्टमध्ये वाटाघाटी होऊन संप मिटला. फुकट काम करणाऱ्यांचा संप ही कल्पना माझ्या सासऱ्यांना, ते जुने गिरणी कामगार, अजून पचलेली नाही.

खटकणारी आणखी एक गोष्ट. या साइटच्या पोर्तुगीज, रशियन, स्पॅनिश आणि जपानी आवृत्त्या आहेत. मराठी सोडा, हिंदीचीही नाही. त्यामुळे आमच्याकडच्या पोरांची निम्मी ताकद इंग्रजी वाक्य जुळवण्यातच जाते, आणि प्रश्न बंद होतो तो बऱ्याचदा त्या वाक्यापायी.

रेझ्युमेसाठी म्हणाल तर तीन स्टार. मुलाखत घेणारे हल्ली पॉइंट क्वचितच विचारतात. शिकण्यासाठी पाच, आणि नव्या माणसाला दारात कसं घेतात त्याचे दोन. एआय आल्यापासून नवे प्रश्न खूपच आटलेत, तेव्हा पटापट उत्तरं देऊन वर जायचे दिवस गेले. पण काम संपलेलं नाही. २०१०च्या आसपासचे कितीतरी प्रश्न असे आहेत, की सगळ्यात वरचं उत्तर अजून पायथन २मधलं आहे, आणि पायथन २ तर १ जानेवारी २०२०लाच बंद झालं. खातं नवं असेल तर असा एक जुना प्रश्न शोधा, पायथन ३मधला कोड स्वतः चालवून बघा आणि खाली नीट उत्तर लिहा. त्याला बहुतेक ठिकाणी १ पॉइंट पुरतो.