सोलापूरहून भाड्याची मोटारहोम: मित्राच्या दारात चोख, घाटात ओझं

मार्ग सोलापूर, पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, कोरेगाव, सातारा, वाई, पाचगणी, महाबळेश्वर आणि परत. पाच दिवस, आणि रात्रीचे मुक्काम हॉटेलात नाही, वाटेवरच्या जुन्या मित्रांच्या दारात. शहराच्या जुळे सोलापूर भागातून भाड्याने मिळणारी मोटारहोम, म्हणजे झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी, या कामाला कशी आहे, एवढंच इथे तपासलं आहे. गाडी ट्रॅव्हलर मिनीबसच्या सांगाड्यावर बांधलेली, चालकासह मिळते, चौघांच्या झोपण्याची सोय आहे.

पहिला प्रश्न विजेचा, कारण बाकी सगळं त्यावर चालतं. आत १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे पूर्ण भरल्यावर साधारण २.४ युनिट. ४५ वॅटचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट खातो. पंखे, दिवे आणि पाण्याचा पंप मिळून आणखी पाव-अर्धा. इथवर हिशोब बसतो. एक टनाचा एसी मात्र तासाला जवळपास एक युनिट ओढतो, त्यामुळे ‘बॅटरीवर रात्रभर एसी’ हे तोंडी आश्वासन दोन तासांत संपतं. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, तिथे एसी लागत नाही. लागतो तो सोलापूर ते म्हसवड पट्ट्यात, पारा चाळिशीपार गेल्यावर. तिथे इंजिनावर चालणारा पुढचा एसी वापरायचा, मागचा बंद ठेवायचा.

गाडी चालू असताना ३० अँपिअरचा चार्जर तासाला ०.३५ ते ०.४ युनिट भरतो. सोलापूरहून वाईला पोहोचेपर्यंत बॅटरी जवळपास भरलेली असते. दुसऱ्या दिवशी गाडी जागची हलली नाही की मित्राच्या घरातून वायर ओढावी लागते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. खोलीतल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर फार तर १,३०० वॅट मिळतात. बॅटरी चार्जिंग आणि इंडक्शन एकदम लावलं की एमसीबी (जास्त भार आला की वीज तोडणारा खटका) पडतो आणि वहिनींचं मिक्सर मध्येच थांबतं. गीझरचं १६ अँपिअरचं सॉकेट मागा. वायर २.५ चौरस मिलिमीटरची हवी आणि रिळावरून पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळून ठेवली तर तिची उष्णता आतच कोंडते आणि वरचं आवरण मऊ पडतं. या गाडीसोबत मिळालेली वायर १.५ ची होती, हा सरळसरळ दोष. वाईतल्या जुन्या वाड्यांत अर्थिंग असेलच याची खात्री धरू नका. गाडीचं धड पत्र्याचं आहे, अर्थिंग नसेल तर त्याला हात लागताच शॉक बसू शकतो, तेव्हा सॉकेट टेस्टरने तपासल्याशिवाय जोडू नये.

पाण्याची टाकी १०० लिटरची. चार दिवसांआड नळ बघितलेल्या सोलापूरकराला ती पुरवायला शिकवावं लागत नाही. भांडी, तोंड-हात आणि स्वयंपाकापुरती दोन दिवस जाते, आंघोळ मित्राच्या घरी. संडासची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारा काढता डबा, २० लिटरची, चौघांत दीड दिवस. ती घरातल्या संडासातच रिकामी करायची, मोरीत किंवा गटारात नाही. घराला सेप्टिक टँक असेल तर कॅसेटमध्ये घालायच्या निळ्या रसायनाबद्दल आधी विचारा. फॉर्माल्डिहाइडवालं असेल तर टँकमधले जिवाणू मरतात आणि दुर्गंधीचा ताप यजमानाला होतो.

आता घाट. वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने बारा-तेरा किलोमीटरमध्ये साडेपाचशे मीटरहून जास्त चढ आहे. भरलेली पाण्याची टाकी म्हणजे १०० किलो वजन, म्हणून वाईतून निघताना पाव टाकीच ठेवा, वर भरून घ्या. मागचा भाग मागच्या चाकांच्या बराच मागे गेलेला असल्याने वळणावर तो बाहेरच्या बाजूला फिरतो, कठड्याशी अंतर ठेवायला चालकाला सांगा. उतरताना दुसरा गिअर. सतत ब्रेक दाबून आणलं तर ब्रेक तापून पकड जाते, आणि तो करपट वास आला की थांबून गार होऊ द्यावेच लागतात. फ्रिज आणि कपाटांच्या कड्या निघण्यापूर्वी लावा. या गाडीतली खालच्या कपाटाची कडी सैल आहे, पहिल्याच वळणावर डबे जमिनीवर येतात. महाबळेश्वरहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या आंबेनळी घाटात ही गाडी नेऊ नये, रुंदी आणि वळणं तिच्या मापाची नाहीत.

गॅसची व्यवस्था नीट आहे. ५ किलोचं सिलिंडर बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, आणि त्या कप्प्याला तळाशी जाळी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खालून बाहेर पडला पाहिजे. धावत्या गाडीत रेग्युलेटर बंद. जेवणाचं म्हणाल तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर असली की दोन वेळा शेगडी पेटवावीच लागत नाही. दिलेली पांघरुणं मात्र पातळ आहेत. डिसेंबर-जानेवारीत वर जाणार असाल तर घरच्या सोलापुरी चादरी माणशी दोन घ्या.

भाड्याच्या कागदात दोन ओळी वाचा. टूरवाले दिवसाला किमान किलोमीटर धरतात, म्हणजे गाडी मित्राच्या अंगणात उभी राहिली तरी मीटर चालूच. मुक्कामाच्या दिवसाचा वेगळा दर आधी लिहून घ्या, या प्रवासात पाचातले दोन दिवस तसेच असतात. दुसरी ओळ चालकाच्या झोपण्याची: चौघांची गाडी चौघांनी घेतली तर पाचवा कुठे झोपणार, ते कुणीच सांगत नाही. भत्ता ठरवताना त्याची खोलीही ठरवा. आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत पंढरपूरचा रस्ता धरू नका.