अथेन्समधून आणलेली सोन्याची पानं

ग्रीसला जायचा बेत असलेल्यांनी हे जरूर वाचावं. अथेन्सच्या प्लाका आणि मोनास्तिराकी भागात फिरताना दुकानांत भिंतीवर लावायच्या फ्रेम दिसतात. निळी मखमल, वर काच आणि आत प्राचीन ग्रीक मुकुटातल्यासारखी सोनेरी ओकची किंवा ऑलिव्हची डहाळी. दिसायला फार देखणं प्रकरण असतं, आणि संग्रहालयात अस्सल दागिने पाहून आलेल्या माणसाला तर ते हमखास खुणावतं. 1977 मध्ये पुरातत्त्वज्ञ मानोलिस आंद्रोनिकोस यांना उत्तर ग्रीसमधल्या व्हेर्गिनाच्या राजथडग्यात सोन्याची पेटी सापडली, त्यात अस्थींसोबत ओकच्या पानांचा मुकुट होता. 313 पानं आणि 68 ओकफळं, सगळं सोन्याचं! तो एकदा पाहिला की घरात त्याची एखादी चांगली प्रतिकृती असावी असं कोणालाही वाटेल.

आम्हालाही वाटलं. दुकानदाराने 480 युरो सांगितले. हाताने घडवलेली चांदीची पानं, त्यावर सोन्याचा जाड मुलामा, सोबत क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र. कार्डाने पैसे दिले. फ्रेम बांधून देताना मात्र त्याने आवाज खाली आणला आणि म्हणाला, "यातलं एक पान खरोखर जुनं आहे. मागचं सील तोडू नका आणि विमानतळावर याबद्दल बोलू नका."

ग्रीसमध्ये 2002 चा पुरातत्त्व कायदा कडक आहे. परवान्याशिवाय प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे. आमच्या ह्यांनी तिथेच फ्रेम काउंटरवर ठेवली आणि पैसे परत मागितले. त्यावर त्याने लगेच पवित्रा बदलला. मी गंमत केली, सगळं नवीन आहे, विकलेला माल परत घेत नाही. मग निदान "नवीन प्रतिकृती" असं बिलावर लिहून दे म्हटलं, तर त्याने ग्रीकमध्ये एक ओळ खरडून दिली. फोनवर भाषांतर केलं तेव्हा "शोभेची वस्तू, नवीन" एवढंच निघालं. धातूचा उल्लेखच नव्हता.

ती कुजबुज कशासाठी होती, हे पुण्यात पावसाळा लागल्यावर कळलं. काचेआड पानांच्या देठाशी हिरवट डाग दिसायला लागले, पितळेच्या भांड्यात ताक कळकतं ना, अगदी तसे. चांदी काळवंडते, अशी हिरवी होत नाही. फ्रेमवाल्याकडून मागचा पुठ्ठा काढून घेतला आणि डहाळी आमच्या नेहमीच्या सराफांकडे नेली. त्यांनी देठ कसोटीवर घासला, तेजाबाचा थेंब टाकला, रेघ बघता बघता गेली. मग भिंग माझ्या हातात दिलं. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला, तिसऱ्या शिरेपाशी, तीच बारीक चीर! म्हणजे सगळी पानं एकाच साच्यातून ठोकून काढलेली. देठाच्या तारेवर लांबीच्या दिशेने सरळ ओरखडे होते, म्हणजे जंत्रीतून, सोनाराच्या भोकाच्या पट्टीतून, ओढलेली तार. प्राचीन ग्रीक सोनार पट्टी पिळून तार करत, त्यामुळे जुन्या तारेवर जोडाची रेघ वेटोळी फिरते. तेव्हा जुनं पान नव्हतं, चांदी नव्हती आणि हातकामही नव्हतं. पितळेचा पत्रा आणि वर सोनेरी रंगाचं लॅकर.

जुन्या पानाची भीती घातली की माणूस सील तोडत नाही, कोणाला दाखवत नाही आणि तक्रार तर मुळीच करत नाही. माझा खरा राग त्या पितळेपेक्षा या चालीवर आहे.

मोठमोठ्या संस्थाही या सोन्यापायी अडकल्या आहेत. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने 1896 मध्ये सैताफेर्नेस या प्राचीन राजाचा म्हणून एक सोन्याचा मुकुट दोन लाख फ्रँकना घेतला. तो ओडेसाच्या इस्राएल रुखोमोव्स्की या सोनाराने नव्याने घडवला होता, आणि 1903 मध्ये बिंग फुटलं. अमेरिकेच्या गेटी संग्रहालयाने 1993 मध्ये घेतलेला सोन्याचा मुकुट खरा होता, पण ग्रीसमधून बेकायदा बाहेर गेलेला, म्हणून 2007 मध्ये परत करावा लागला. दुकानात कोणी "हे जुनं आहे" म्हणालं की ते खोटं तरी असतं, नाहीतर गुन्हा.

बँकेकडे दाद मागितली. त्यांनी काय कबूल केलं होतं याचा लेखी पुरावा मागितला. प्रमाणपत्रात नीट वाचलं तर "सुवर्णरंगी" असा शब्द होता आणि बिलात धातू नव्हता, त्यामुळे दावा फेटाळला. दुकानाच्या ईमेलला उत्तर नाही.

प्रतिकृती हवीच असेल तर संग्रहालयाच्या स्वतःच्या दुकानातून घ्या. अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयात चांगल्या मिळतात. बाहेर घेणार असाल तर काच काढून वस्तू हातात मागा. चांदीवर 925, सोन्यावर 585 किंवा 750 असा शिक्का शोधा. बिलावर धातू आणि "प्रतिकृती" हे दोन्ही इंग्रजीत लिहून घ्या, तेही कार्ड मशीनला लावायच्या आधी. फ्रेम उघडायला नकार मिळाला तर तिथूनच बाहेर पडा.