सैद्धांतिक अणुकेंद्रीय भौतिकी : प्राध्यापकी की राष्ट्रीय प्रयोगशाळा?

पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधन नेमणूक) संपत आले, की या विषयातल्या सैद्धांतिक अभ्यासकापुढे, संशोधनातच राहायचे तर, बहुधा विद्यापीठ किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळा या दोनच वाटा उरतात. मी दोन्हीकडे काम केले आहे आणि अखेर विद्यापीठात स्थिरावलो आहे, त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ असेलच असे नाही.

प्रयोगशाळेत अध्यापन नाही, उत्तरपत्रिका नाहीत, आणि प्रयोग करणारे सहकारी जवळ असल्याने नवे मोजमाप प्रसिद्ध होण्याआधीच त्यावर वाद घालता येतो. भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट मेयर यांनी शेल मॉडेल (अणुकेंद्रातील प्रोटॉन-न्यूट्रॉन कवचांत मांडलेले असतात, हे प्रारूप) मांडले ते १९४९ च्या सुमारास, अमेरिकेतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत अर्धवेळ काम करत असताना. पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद त्यांना १९६० मध्ये मिळाले. मूलभूत कामासाठी प्राध्यापकपद लागतेच असे नाही, हे त्यावरून मान्य करावे लागते (विद्यापीठांच्या गुणग्राहकतेबद्दल न बोललेलेच बरे).

मला खटकले ते वेगळेच. निकेल-५६ या अणुकेंद्राचे गणित शेल मॉडेलच्या पूर्ण पीएफ कवचात (ऊर्जापातळ्यांच्या एका ठरावीक संचात) मांडले, तर मॅट्रिक्सची मिती १ अब्जापुढे जाते. एवढ्या मोठ्या गणिताचे उत्तर बिघडले, तर दोष कणांमधल्या बलासाठी धरलेल्या परस्परक्रियेत आहे की संगणकाच्या कोडमध्ये, हे ओळखण्याची नजर यायला काही वर्षे जावी लागतात. प्रयोगशाळेत माझ्याबरोबर पोस्टडॉक असत आणि ही नजर येऊ लागते न लागते तोच, दोन-तीन वर्षांत, ते पुढच्या नोकरीला निघून जात. मग एखाद्या सबरूटीनमध्ये (कोडच्या तुकड्यात) वजा चिन्ह कशासाठी घातले आहे आणि लिहिणाऱ्याने कोणते फेज कन्व्हेन्शन (चिन्हांचा संकेत) धरले होते, याचा माग काढण्यात माझे दिवस जात. उत्तर सापडे, पण तोवर पुढचा पोस्टडॉक नव्याने सुरुवात करत असे.

विद्यापीठात पीएचडीचा विद्यार्थी चार-पाच वर्षे टिकतो आणि जाण्यापूर्वी धाकट्याला कोड शिकवून जातो. त्याची किंमत समित्यांच्या बैठकांत मोजावी लागते आणि सलग विचार बहुतेक सुटीतच होतो, हे खरे. तरीही कोनीय संवेगाची जोडणी (कणांच्या फिरकीची बेरीज, जिच्यात ही अधिक-वजा चिन्हे येतात) दरवर्षी फळ्यावर करताना ती चिन्हे माझ्या हातात पक्की बसली, हा लाभ मी गृहीत धरला नव्हता.

आपले काम मुख्यतः कागदावरचे असेल किंवा एखाद्या कणत्वरकाच्या (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या) प्रयोगांशी घट्ट बांधलेले असेल, तर प्रयोगशाळा कदाचित अधिक सोयीची ठरेल. मोठा कोड दीर्घकाळ जोपासायचा असेल, तर मी विद्यापीठाकडे झुकेन. प्रयोगशाळाच निवडायची झाली, तर शेजारच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांचे सहमार्गदर्शक होता येईल का, एवढे नेमणुकीपूर्वी लेखी विचारून घ्यावे.