रुई लावावी की कोरांटी?

फुलपाखरांसाठी देशी आणि वर्षानुवर्षं टिकणारं झुडूप बियांपासून वाढवायचं, तर माझ्या मते निवड या दोघींतच आहे. दोन्हींचं बी माळावर फुकट मिळतं. कारवीच्या मोहात पडू नका. ती फुलायला सात-आठ वर्षं घेते आणि एकदा फुलून मरते.

रुईची बोंडं उन्हाळ्यात उकलतात. लहानपणी ज्यांना आपण म्हातारी म्हणायचो, तेच हे बी. बोंडाला नुकती चीर गेली असतानाच ते तोडा, आतला कापूस मुठीत घट्ट धरा आणि टोकाकडून बिया खरवडून काढा. एकदा तो फुलला, की घरभर म्हाताऱ्या! ताजं बी सहज उगवतं, पण मूळ सरळ खोल जातं, म्हणून रोप मोठं झाल्यावर हलवलं तर बहुधा रुसतं. जागच्या जागी पेरलेलं बरं.

कोरांटीचं बोंड वाळलं की तडकतं आणि बी उडून जातं. बोंडं तपकिरी होताच काढून कागदी पिशवीत ठेवायची. एकेका बोंडात दोनच चपट्या बिया. जूनमध्ये पेरा. ही कुंडीत खुशाल राहते, छाटणीही सोसते. काटे मात्र बोचतात.

आता पाहुणे. कोरांटीच्या पिवळ्या फुलांवर पावसाळ्यानंतर मधमाश्या आणि शिंजीर पक्षी येतात. रुईवर मोठे काळे भुंगे येतात आणि तिचे परागपुंज पायांना अडकवून नेतात. शिवाय प्लेन टायगर फुलपाखरू तिच्या पानांवर अंडी घालतं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर पिवळे ठिपके असलेली अळी पान कुरतडताना दिसली की कीटकनाशकाकडे हात नेऊ नका, तिच्यासाठीच तर झाड लावलंय. पिवळी मावा कीड पडली तर पाण्याचा फवारा मारा, पण आधी अंडी-अळ्या नाहीत ना ते बघून.

रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते, त्यामुळे घरात लहान मूल असेल तर मी कोरांटीच सुचवेन. गच्चीतल्या कुंडीलाही तीच. कुंपणाशी उन्हाचा कोपरा मोकळा असेल, तर रुई. शनिवारी मारुतीच्या हारासाठी शेजारी पानं मागायला येतील. अळ्यांची पानं सोडून द्या.